काळाची उसनवारी

१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारी आपली ‘मुंबई वेळ’ या शहराने पुढे कित्येक दशके जपली. तेव्हा ते खपले. आज शेअरबाजाराच्या संगणकांत सेकंदाच्या हजारांश फरकानेही आधीचा सौदा कोणता, याचा निवाडा अवघड होतो.

इतकी सूक्ष्म वेळ आपल्या अनेक यंत्रणा अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून उसनी घेतात. उपग्रह ज्याचे, वेळ त्याची! वास्तविक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आण्विक घड्याळे अहोरात्र चालू आहेत. स्वदेशी वेळेशी संगणक जुळवण्याचा हुकूमही सरकारने २०२२ साली काढला. परंतु इंटरनेटच्या वाटेत वेळेचा संदेश कमीअधिक रेंगाळतो. त्यासाठी स्वतंत्र तारांचे जाळेच हवे. नुसत्या हुकमाने घड्याळे जुळत नसतात, हे सरकारला बजावणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.