थीम, आशयसूत्र आणि कोंबडीचे पंख

‘थीम’ या शब्दाला मराठी समीक्षेत ‘आशयसूत्र’ असा प्रतिशब्द आहे आणि आम्ही दोघे तो वर्षानुवर्षे पदवीच्या वर्गात शिकवत आलो आहोत. कलाकृतीतील घटना, पात्रे, प्रतिमा ज्याच्या आधाराने एकत्र नांदतात आणि जे काढून घेतले असता सारा डोलारा कोसळतो, ते आशयसूत्र. परीक्षेपुरती एवढी व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ होते. हाच शब्द खाद्यगृहांच्या पाट्यांवर जाऊन बसला, तेव्हा मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा झाला. ‘थीम बार अँड ग्रिल’मधील थीम म्हणजे जी आज भिंतीवर टांगता येते आणि धंदा बसला की उतरवून भंगारात घालता येते, ती. तक्रार एवढीच असती तर ती आम्ही शब्दकोशकारांकडे सोपवली असती.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात अलीकडे आम्ही अशा एका बारमध्ये गेलो. नाव देत नाही. थीम होती: गिरणी! बाबिणींमध्ये दिवे बसवलेले, काचेच्या पेटीत साच्याचा एक गंजका तुकडा, वाढप्यांच्या अंगात खाकी सदरे. मेनूचे भाग पहिली पाळी, दुसरी पाळी आणि ओव्हरटाइम. सारे अर्थात रोमन लिपीत. संध्याकाळी भोंगा वाजतो आणि तासभर पेये स्वस्त होतात. येथील खासियत म्हणजे चिकन विंग्ज, म्हणजे कोंबडीचे पंख. त्यांच्या तिखटपणाच्या तीन पायऱ्या: ‘बदली’, ‘जॉबर’ आणि ‘हरताळ’. बदली सर्वांत सौम्य.

ही नावे ज्याने सुचवली त्याने थोडा अभ्यास केलेला आहे, हे मान्य करायला हवे. म्हणूनच राग अधिक येतो. बदली कामगार म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तरच ज्याला त्या दिवसाचे काम मिळे, तो. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे. हाक आली तर आत, नाहीतर खोलीवर परत. त्या अनिश्चिततेला ‘सौम्य’ ठरवायला एक विशिष्ट जातीचा निर्धास्तपणा लागतो. आम्ही वाढप्याला ‘बदली’चा अर्थ विचारला. ‘सॉस बदललेला असतो, सर,’ असे त्याने सांगितले. पुढे बोलता बोलता कळले की तो कंत्राटदाराकडून येतो; उद्या काम आहे की नाही, हे त्याला आदल्या रात्री मोबाइलवर कळते. म्हणजे साऱ्या दालनात गिरणीची अस्सल म्हणावी अशी जी एकच गोष्ट होती, ती ताट घेऊन आमच्यासमोर उभी होती आणि तिचा थीमशी काही संबंध आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते.

पदार्थाविषयी आमची तक्रार नाही. पंख कुरकुरीत होते, सॉस आंबट-तिखट होता. ‘जॉबर’ आम्ही दोनदा मागवले. ‘परक्यांचे कशाला खाता, वडापाव खा’ असा उपदेश करणारे एक सात्त्विक मंडळ आपल्याकडे सदैव जागे असते, त्यांच्याशी आमचे जमत नाही. बटाटा आणि पाव हे दोन्ही परक्यांकडूनच आलेले आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगावे. या पंखांचे कूळ तर गिरणगावाला मुळीच परके नाही. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो हे एरी सरोवराकाठचे पोलाद, धान्य आणि रेल्वे यांवर वाढलेले कामकरी शहर. पंख हा कोंबडीचा तिथला टाकाऊ भाग, सूपच्या पातेल्यात जाणारा. 1964 साली मेन स्ट्रीटवरील अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून, तिखट सॉस आणि लोणी यांत घोळवून गिऱ्हाइकांपुढे ठेवले, ही प्रचलित कथा. पण पाठभेदांवर पोट भरणाऱ्या आम्हां मंडळींना खरी मौज पुढेच आहे. कॅल्विन ट्रिलिन यांनी 1980 साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये या पदार्थाचा छोटेखानी इतिहास जुळवू पाहिला, तेव्हा एकाच घरातून दोन कथा निघाल्या. नवरा फ्रँक म्हणे, चुकून पंखांचा माल आला. मुलगा डॉमिनिक म्हणे, शुक्रवारची रात्र होती, मध्यरात्रीनंतर कॅथलिक गिऱ्हाइकांना मांस चालणार होते, म्हणून आईला काहीतरी करायला सांगितले. याखेरीज तिसरा दावेदारही होता. जॉन यंग हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याच दशकात त्याच शहरात अख्खे पंख पिठात घोळवून, तळून ‘मॅम्बो’ सॉससह विकत होते. जगभरच्या मेनूंवर अँकर बार पोचला. यंग यांचे नाव बफेलोबाहेर फारसे गेले नाही. अवशिष्ट भागाला चव कोणी आणली आणि त्यावर नाव कोणाचे लागले, हा प्रश्न दलित आणि ग्रामीण साहित्याच्या तासाला आम्ही निराळ्या संदर्भात रोजच विचारतो.

आणि सन पाहा. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बफेलोलगतच्या लॅकावाना येथील बेथलेहेम स्टीलचा कारखाना बहुतांशी बंद करण्याची घोषणा झाली आणि सात हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. एका थाळीत या दोन शहरांची गाठ पडते. ही गाठ म्हणजे आशयसूत्र! मेनूवर तिचा मागमूस नाही. असता तर पंख महाग झाले नसते की स्वस्त.

रविवारच्या पुरवण्यांतील रसिक यावर म्हणतील की निदान आठवण तरी राहते. कशाची? साचेखात्यात आवाज असा असे की माणसे ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखीत. कापसाची धूळ फुप्फुसांत साचे. या बारमध्ये आवाज आहे, पण तो विकत घेतलेला आहे. गिरणगाव जेवत होते ते खानावळींत, बायकांनी दहा बाय दहाच्या खोल्यांत चालवलेल्या, महिन्याच्या खात्यावर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेण्यासाठी. ज्या थीममध्ये खाणेपिणे हाच व्यवहार आहे, तिच्यात गिरणगावाला जेवू घालणारी एकही बाई भिंतीवरच्या छायाचित्रातसुद्धा नसावी? साचा सापडतो, कारण तो भंगारवाल्याकडे मिळतो. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ किंवा जयंत पवारांचे ‘अधांतर’ यांतून गिरणी काढून दाखवावी. हाती कोरी पाने उरतील. या बारमधून गिरणी काढली तर उद्या तेथे समुद्री चाच्यांचे जहाज येईल आणि पंख तेच राहतील.

या जमिनींचे काय झाले, हे स्वतंत्र लेखाचे काम आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहराच्या मोकळ्या जागांसाठी, घरांसाठी आणि मालकांसाठी. 2001 च्या दुरुस्तीने पहिल्या दोघांना फक्त रिकाम्या जागेतला हिस्सा उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बार ज्या छपराखाली चालतो ते या वाटणीतून वाचलेले छप्पर आहे.

तेव्हा या थीमवाल्यांकडे आमचे मागणे फार नाही. जॉन यंग यांचे नाव मेनूत घाला. ‘बदली’चा अर्थ खाली एका ओळीत द्या, तोही देवनागरीत. भोंगा वाजवायचाच असेल तर वाजवा. आणि खाकी सदऱ्यातल्या त्या मुलाला पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शनिवारीच कळवा.