नाते हा दोष नव्हे

नाशिकरोडचे नोटा व मुद्रांकांचे छापखाने, ओझरचा लढाऊ विमानांचा कारखाना आणि देवळालीचे तोफखान्याचे विद्यालय यांमुळे आपले शहर राष्ट्राच्या गुपितांचे राखणदार बनले आहे. याच शहरातील कितीतरी सुशिक्षित घरांतील एखादे अपत्य आज परदेशी स्थायिक असून काहींनी तेथील नागरिकत्वही पत्करले आहे. त्यामुळे जोखमीच्या सरकारी जागेसाठी साक्षांकन नमुना भरणाऱ्या उमेदवाराचा हात एका रकान्यापाशी अडखळतो. भाऊ अमेरिकेत आहे हे लिहिले, तर नोकरी हातची जाईल काय?

आप्तांची चौकशी करण्याचा सरकारचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परक्या राज्याच्या कह्यात असलेल्या जिवलगासाठी भला माणूसही दडपणाला बळी पडू शकतो. अमेरिकेनेही 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत परदेशी आप्तसंबंधांचा विचार आवश्यक मानला आहे. तेथील संरक्षण खात्यात काम करू इच्छिणाऱ्या मराठी अभियंत्याला गंगापूर रोडवरील आपल्या आईवडिलांची नोंद परदेशी आप्त म्हणूनच करावी लागते. परंतु तेवढ्यावरून त्याला नकार मिळत नाही. देश कोणता, संबंध किती निकटचा आणि त्याची निष्ठा कोठे रुजलेली आहे, हे सारे तोलून निर्णय व्हावा, अशी ती तत्त्वे सांगतात.

आमचे नियमही मुळात असमंजस नाहीत. 1964 च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे परदेशी नागरिकाशी विवाह करणाऱ्या कर्मचाऱ्याने ती गोष्ट सरकारला तत्काळ कळवावयाची असते. परराष्ट्र सेवेत पूर्वपरवानगीचा दंडक आहे, आणि त्या सेवेचे स्वरूप पाहता तो समजण्याजोगा आहे. अडचण नियमापेक्षा मौनात आहे. पडताळणी रखडते, कारण कळत नाही आणि उमेदवार तर्क करीत बसतो.

केवळ नात्यावर नजर रोखून गुपिते सुरक्षित राहतात, हाही भ्रमच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये ओझरच्या कारखान्यातील एक कर्मचारी आणि मे 2023 मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेचा एक शास्त्रज्ञ यांना परक्या हेरांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून अटक झाली. दोन्ही आरोपांत परका हस्तक पोचला तो परदेशस्थ भावाबहिणीच्या ओळखीने नव्हे, तर हातातील मोबाइलच्या पडद्यावरून! अनोळखी माणसाला दार उघडे आणि नोंद असलेल्या सख्ख्या बहिणीवर पहारा, याला सावधगिरी कशी म्हणावी?

आमची मागणी साधी आहे. पडताळणीला मुदत असावी. नकार द्यावयाचा झाल्यास गुपित न फोडता त्याचे कारण उमेदवाराला लेखी कळवावे व त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे. राष्ट्रीय सुरक्षेचा हवाला हवेतून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 'मीडियावन' वाहिनीच्या प्रकरणात बजावले आहे. वाहिनीला मिळालेला हा न्याय सामान्य पदवीधराला का मिळू नये?

आणि उमेदवारांना आमचे सांगणे असे की, त्या रकान्यात सत्यच लिहा. चुकीची वा अपुरी माहिती अपात्र ठरवू शकते, अशी स्पष्ट ताकीद त्या नमुन्यावरच छापलेली असते. शिवाय दडविलेले नाते हेच धमकी देणाऱ्याच्या हातातील शस्त्र बनते. उघड सांगितलेल्या नात्याची भीती कोण घालणार? नागरिकाने काही लपवू नये आणि सरकारने सत्य सांगणाऱ्याला त्याबद्दल शासन करू नये. या परस्परविश्वासाहून भक्कम तटबंदी दुसरी नाही.