दंड माझा, गाडी हिची

आमच्या धारवाडच्या घरातली दोन्ही वाहनं हिच्या नावावर आहेत, हे या सदराच्या जुन्या वाचकांना पाठ असेल. नव्यांसाठी सांगतो. मोटार हिच्या प्रॉव्हिडंट फंडातून आली. स्कूटर माझ्या दिवाळी अंकांच्या मानधनातून येणार होती, ती शेवटी हिच्या भिशीतून आली.

तर या आठवड्यात मोटारीच्या पॉलिसीचं नूतनीकरण होतं. एजंट आला, चहा झाला, चिवडा झाला, आणि हिनं माझ्यादेखत त्याला विचारलं, "ह्यांच्या दंडापायी माझा नो क्लेम बोनस जातो का हो?" कुठल्या तरी ग्रुपवर हिनं वाचलं होतं की चलन झालं की विम्याचा हप्ता वाढतो. एजंट चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाला, "चिंती माडब्याड्री, अक्कावरे. क्लेम घेतला तरच बोनस जातो. चलनाचा काय संबंध नाही." हिचा चेहरा जरा पडलाच. बोनस राहिला याचा आनंद होता, पण मला काहीच झळ लागली नाही याचं दुःख त्याहून मोठं होतं.

एजंटचं खरं आहे. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिन बघून, चालवणारा बघून नव्हे. जून २०२२च्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, पुढे पंधराशेपर्यंत ३,४१६. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांवर थांबतो. अमेरिकेत म्हणे एका चलनाची आठवण विमा कंपनी पुढली काही वर्षं ठेवते. आपल्याकडेही विमा नियामकाच्या एका कार्यगटानं जानेवारी २०२१मध्ये तसा प्रस्ताव मांडला होता. दारू पिऊन चालवलं तर १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर १०, आणि गुणांप्रमाणे दुचाकीला १०० ते ७५० आणि मोटारीला ३०० ते १,५०० रुपये जादा. सुरुवात दिल्लीपासून करायची होती. पण त्यात एक ग्यानबाची मेख होती. हे पैसे भरायचे गाडीच्या नोंदणीकृत मालकानं, मग चालवणारा कुणी का असेना.

म्हणजे मी गुण मिळवणार आणि ही पैसे भरणार. शाळेतही माझे गुण असेच दुसऱ्याला महागात पडत.

आता दंडाचं. त्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला बँकेत जातो म्हणून माळमड्डीतून निघालो. बँक जवळच, म्हणून हेल्मेट खुंटीवरच राहिलं. बँकेत पाच मिनिटांचं काम होतं. मग स्कूटर आपोआप लाइन बाजाराकडे वळली. तिला ती वाट माहीत आहे. पाव किलो पेढे घेतले, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि ज्युबिली सर्कलवरून परत निघालो. दुपारी हिच्या मोबाईलवर मेसेज. गाडी हिची, तेव्हा नंबरही हिचाच. पाचशे रुपये. शेजारच्या मुलाकडून हिनं चलनावरचा फोटो उघडून घेतला. त्यात माझं उघडं टक्कल आणि हुकाला लोंबणारी पिशवी, दोन्ही स्वच्छ. लग्नानंतर माझा इतका ठसठशीत फोटो कुणी काढला नव्हता.

हिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला. मुलगी पुण्यात असते, त्यामुळे हेल्मेटबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. पिशवीबद्दल मात्र तिचे सात मेसेज आले. "बाबा, शुगर किती आहे तुमची?" इथपासून सुरुवात.

माझी बाजू कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथं मांडतो. धारवाडचा पेढा म्हणजे काही साधा पांढरा गोळा नव्हे. उन्नावहून आलेल्या ठाकूर मंडळींनी तो इथं रुजवला. खवा तांबूस होईपर्यंत परतत राहायचा, हात भरून आला तरी उलथनं थांबवायचं नाही, आणि मग वळून पिठीसाखरेत लोळवायचं. म्हणजे साखर दिसते ती बरीचशी अंगावर. ती बोटानं झटकता येते. मी झटकतो. झटकलेली साखर सदऱ्यावर पडते आणि ही ती पुराव्यादाखल दाखवते, हा भाग वेगळा. शिवाय या पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन असलेली वस्तू न खाणं हा गावाचा अपमान नाही का? डॉक्टरांना हा मुद्दा सांगितला, तर त्यांनी गोळी वाढवली.

दंड हिनं लगेच भरला नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नाटकात थकलेल्या दंडावर पहिल्यांदा निम्मी सूट निघाली, तेव्हा एकट्या बेंगळुरूत शंभर कोटींच्या वर वसुली झाली. तेव्हापासून हुबळी-धारवाडची माणसं आषाढ सेलची वाट बघावी तशी त्या सुटीची वाट बघतात. ऑगस्ट २०२५मध्ये सूट पुन्हा निघाली आणि हिनं अडीचशेत माझा हिशेब मिटवला. पण तोवर रोज सकाळी, चहाबरोबर, पाचशेची आठवण बिनसवलत मिळत होती.

गुरुवारी पॉलिसी आली. बोनस पन्नास टक्के, शाबूत. एजंटनं पेढे मागितले, हिनं लाडू दिले.

ज्यांच्या गाड्या बायकोच्या नावावर आहेत, त्यांना एक विनंती. लाइन बाजारात चालत जा. ज्युबिली सर्कलपासून फार लांब नाही.