अंगठा नको, कान द्या!



जुन्नर-आंबेगावातल्या हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

हुतात्मा बाबू गेनूंवरचं गाणं घरीच मोबाईलवर रेकॉर्ड करून तुम्हाला पाठवलं. पेटी, ढोलकी, टाळ, बस्स. मागे कुकरची शिट्टीही आहे. भराभर अंगठे आले, आभार! पण पाच मिनिटांच्या गाण्याला दहाव्या सेकंदाला अंगठा आला, तर ते ऐकलं कोणी?

बाबू गेनू सैद आपल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवे झाले. ट्रक अंगावरून गेला. वय अवघं २२. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे, पण १५ ऑगस्टला आपल्या चौकात वाजतात ती सिनेमातलीच गाणी. ती चांगलीच आहेत हो, पण त्यात आपलं गाव कुठंय?

स्टुडिओ नाही, ही सबब नको. नारायणगावच्या विठाबाईंनी १९६२ च्या युद्धकाळात जवानांसमोर जाऊन कला सादर केली. त्यांच्याकडे कुठला स्टुडिओ होता?

म्हणून विनंती, गाणं पूर्ण ऐका. सूर कुठे उतरला, ढोलकी कुठे पळाली, बिनधास्त सांगा. नाव-तारीख चुकली असेल तर ते आधी सांगा. थोडं बेसूर चालेल, खोटा इतिहास नको.

आणि आवडलं तर नुसतं फॉरवर्ड करू नका, तुमच्या आवाजात म्हणा, शाळेतल्या पोरांना शिकवा. माझं नाव गाळलं तरी चालेल, त्यांचं तेवढं नीट घ्या.