लगाम कुणाच्या हाती?

"आजोबा, गिअर आता यंत्रच बदलतं, तुमच्यापेक्षा चपळाईनं!" लंडनला वाढलेली आमची नात मला सुनावते. कबूल! इथल्या गर्दीत ते वरदानच. अधू पायाच्या माणसाने तर खुशाल घ्यावे. पण १९८९ साली माझदाने एमएक्स-५ ही चिमुकली दुआसनी मोटार काढली, ती काय अवघ्या १.६ लिटरच्या इंजिनाने वेगाचे विक्रम मोडायला? घोडा नि स्वार एकजीव व्हावेत, हा तिच्या कर्त्यांचा हेतू. मग लगाम दुसऱ्याच्या हाती देऊन खोगिरावर नुसते बसायचे होय? वळणाआधी क्लच दाबून दुसऱ्या गिअरात यावे, अ‍ॅक्सिलरेटरने इंजिनाचा सूर जुळवावा. चुकला की गाडी हिसका देते. तो हिसकाच मला प्यारा! आणि बाई गं, ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीस, तर इथल्या कायद्याने माझी जुनी एमएक्स-५ तुला हाकता यायची नाही.