गोल्फ खेळत नसलात, तरी म्युनीसाठी लिहा

ऑस्टिन आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना, तसंच टेक्सस विद्यापीठात शिकून जगभर गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही कळकळीची विनंती आहे. एक्सपोझिशन बुलेव्हार्ड आणि लेक ऑस्टिन बुलेव्हार्डलगतचं लायन्स म्युनिसिपल गोल्फ कोर्स, ज्याला सगळं गाव ‘म्युनी’ म्हणतं, धोक्यात आहे. मैदान शहर चालवतं, पण जमीन विद्यापीठाची आहे. करार पुढे चालवायचा नाही, असा ठराव विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने 2011 मध्येच केला. 2019 मध्ये कराराची मुदत संपली आणि तेव्हापासून हे 141 एकरांचं मैदान मुदतवाढीच्या भरवशावर उभं आहे. पुढची मुदतवाढ नाकारली गेली, तर आपल्याला बोलायला वेळच उरणार नाही. म्हणून आत्ताच लिहा.

पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो तो असा : विद्यापीठाने गोल्फचं मैदान बाळगायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. विद्यापीठाचं काम शिकवण्याचं आणि संशोधनाचं. येल, स्टॅनफर्ड अशा विद्यापीठांची स्वतःची गोल्फ मैदानं शंभरेक वर्षांपासून आहेत, पण तेवढ्यावरून ती असायलाच हवीत असं ठरत नाही. टेक्सस विद्यापीठाच्या संघासाठी स्टायनर रँचमध्ये वेगळा क्लब आहे, तो सभासदांपुरता. खेळाडूंच्या सरावासाठी म्युनीची गरज नाही, हेही मान्य. माझं म्हणणं एवढंच, की गोल्फ हे विद्यापीठाचं काम नसेल, तर दुकानं आणि महागडे टॉवर उभारायला जमीन भाड्याने देणं हेही त्याचं काम नाही. ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत’ हे कारण मैदान मोडताना पुढे करायचं आणि जमिनीचा बाजारभाव मोजताना बाजूला ठेवायचं, हे पटणारं नाही.

ही जमीन विद्यापीठाने विकत घेतलेली नाही. सॅन अँटोनियोचे बँकर आणि विद्यापीठाचे रीजंट जॉर्ज ब्रॅकेनरिज यांनी 1910 मध्ये कोलोरॅडो नदीकाठची सुमारे 500 एकर जमीन विद्यापीठाला दान दिली. कॅम्पस शहरातल्या चिंचोळ्या चाळीस एकरांतून उठून नदीकाठी मोकळ्या हवेत यावा, ही त्यांची इच्छा होती. तसं झालं नाही. विद्यापीठ होतं तिथेच वाढलं आणि जमीन रिकामी राहिली. 1924 मध्ये लायन्स क्लबच्या मंडळींनी त्यातल्या एका भागावर सर्वांसाठी खुलं मैदान सुरू केलं, पुढे 1930च्या दशकात ते शहराकडे आलं. दानाची अट शिक्षणाच्या हिताची आहे, त्यामुळे जमिनीतून जास्तीत जास्त उत्पन्न काढणं आमचं कर्तव्यच आहे, असा विद्यापीठाचा युक्तिवाद असतो. पण त्याच अटीखाली हे मैदान इतकी दशकं चाललं. त्याच दानाच्या जमिनीवर जीवशास्त्राची क्षेत्रीय प्रयोगशाळा आहे, तिथे आक्रमक मुंग्यांवर संशोधन होतं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या घरांनाही तिथेच जागा मिळाली. शिक्षणाचं हित फक्त भाड्याच्या रकमेत मोजायचं, असं दानपत्रात कुठे आहे?

आता 1950 सालाकडे या, कारण माझ्या मते म्युनीचं खरं मोल तिथे आहे. त्या काळी दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शाळेत, बागेत, तलावावर, मैदानावर पाऊल ठेवता येत नसे. टपाल खात्यात काम करणारे हेमन स्वेट यांनी 1946 मध्ये याच टेक्सस विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला होता. केवळ वर्णामुळे तो नाकारला गेला. चार वर्षं लढून जून 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून त्यांनी तो मिळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन कृष्णवर्णीय मुलं म्युनीवर गेली आणि खेळू लागली. मैदानावरून शहराच्या कचेरीत फोन गेला : काय करायचं? महापौर आणि नगर परिषदेच्या सदस्यांनी ठरवलं, खेळू द्या. ना खटला, ना न्यायालयाचा हुकूम, ना पोलीस. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल यायला अजून साडेतीन वर्षं होती. दक्षिणेतलं सर्वांना खुलं झालेलं पहिलं ज्ञात सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून म्युनीची नोंद आहे, ती या प्रसंगामुळे.

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगत ज्यांच्या घरात मुलं मोठी झाली, त्यांना याचं महत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच झाला होता, तरी 1927 मध्ये बाबासाहेबांना आणि हजारोंना तळ्यावर चालत जावं लागलं आणि त्यानंतर मारही खावा लागला. ऑस्टिनमध्ये तसं घडलं नाही, एवढंच या दोन मुलांचं भाग्य. पण माणसाचा हक्क अखेर जागेवर पाय ठेवूनच सिद्ध होतो, हे दोन्हीकडे सारखं आहे. ती जागा शाबूत असली, तरच पुढच्या पिढीला तिथे नेऊन दाखवता येते. टॉवरच्या तळमजल्यावर भिंतीत बसवलेली पितळी पाटी ते काम करत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याच्या आधारावर बरेच जण निर्धास्त बसले आहेत. म्युनीचं नाव 2016 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आलं, हे खरं. पण या नोंदीने मालकाचे हात बांधले जात नाहीत. मालकाने ठरवलं, तर नोंद असलेली जागाही कायदेशीरपणे मोडता येते. नोंदीमुळे सन्मान मिळाला, संरक्षण मिळालेलं नाही.

विद्यार्थ्यांच्या घरांचं काय, असं विचारणारेही भेटतात. ऑस्टिनची भाडी सोसत शिकणारी आपली मुलं मी पाहतो, त्यामुळे हा मुद्दा मी हलका मानत नाही. घरं हवीतच. पण ज्या विद्यापीठसमूहाच्या निधीमागे पश्चिम टेक्ससमधली सुमारे 21 लाख एकर जमीन आहे आणि 1923 पासून जिच्यातून तेल निघतं आहे, त्याला वसतिगृहांसाठी शहरातलं हेच एक जुनं मैदान का लागावं? घरं असलेल्या भागात मजले वाढवता येतील. आणि मैदान मोडून जे उभं राहील ते विद्यार्थ्यांना परवडेल, असं लेखी कोणी दिलं आहे का? मुंबईच्या गिरणगावात आपण हे पाहिलं आहे. 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांना मिळणार होता. 2001 मध्ये त्या नियमात बदल झाला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांची उरली, आणि शहराच्या वाट्याला फार थोडं आलं.

मार्ग आहे. विद्यापीठाने गोल्फ चालवू नये, आणि मैदान बिल्डरलाही देऊ नये. शहराने आणि राज्याने मिळून विद्यापीठाला जमिनीचा वाजवी मोबदला द्यावा, किंवा तोडीची दुसरी जमीन द्यावी, आणि म्युनी कायमचं सार्वजनिक करावं. दात्याची अटही त्यात पाळली जाते.

तुम्ही करायचं ते असं. रीजंट मंडळाला पत्र लिहा. मंडळाचे नऊ सदस्य गव्हर्नर नेमतात, राज्याची सिनेट त्यांना मान्यता देते. म्हणून तुमच्या भागातल्या राज्य सिनेटरलाही त्याच पत्राची प्रत पाठवा. महापौरांना आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला फोन करा, मोबदल्याची तरतूद करा असं स्पष्ट सांगा. तुम्ही माजी विद्यार्थी असाल, तर पत्राच्या पहिल्याच ओळीत पदवीचं वर्ष लिहा. विद्यापीठ माजी विद्यार्थ्यांचं ऐकतं, देणगीदारांचं अधिक ऐकतं. देणगी देत असाल, तर तेही लिहा.

व्हिसावर आहोत, मत नाही, मग आमचं कोण ऐकणार, असं म्हणून गप्प बसू नका. नगर परिषदेच्या सभेत बोलायला नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. इथे राहता, घरपट्टी किंवा भाडं भरता, तुमची मुलं इथल्या शाळेत जातात. नाव नोंदवा, वेळ मिळेल तेवढ्यात दोन मुद्दे मांडा : जमीन दानाची आहे, आणि 1950 मध्ये इथे जे घडलं ते दक्षिणेत आधी कुठे घडल्याची नोंद नाही. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल, तर लिहून नेऊन वाचा.

पत्रं या आठवड्यातच टाका. पुढच्या स्नेहमेळाव्यात प्रत्येक टेबलावर हा विषय काढा आणि शेजारच्याचं पत्र तिथेच लिहून घ्या.