काडतुसाची फुलदाणी

सैनिकांनी लढाईच्या दिवसांत हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन वर्ध्यात भरवावं, अशी सूचना परवा एका बैठकीत निघाली आणि एक सद्गृहस्थ उसळले. म्हणणं तीन कलमी : ही कला नव्हे, फावल्या वेळचा चाळा, यानं युद्धाला शोभा येते, आणि गांधींच्या जिल्ह्यात असलं काही नको. टाळ्या पडल्या. आपल्याकडे तिसऱ्या कलमाला त्या पडतातच.

दुसऱ्याला उत्तर एका ओळीचं : खंडेनवमीला भिंतीवरची तलवार उतरवून कुंकू लावणाऱ्यानं फुलदाणीला घाबरू नये.

आता चाळा. पुलगावच्या एका घरात अशी फुलदाणी मी हातात घेतली आहे. तोफेचं रिकामं पितळी काडतूस. पणजोबांनी मेसोपोटेमियात घडवलं, असं घरचे सांगतात. बुडाला कारखान्याचा शिक्का आणि १९१६ साल, अंगावर द्राक्षवेल. पितळ चेपू नये म्हणून आत राळ किंवा शिसं ओतायचं आणि बाहेरून ठोकत नक्षी उठवायची. आपला तांबट वेगळं काय करतो? एका पानाची शीर वाकडी गेली आहे. तिलाच पुढे ओढून त्यानं नवी डहाळी केली आहे. चाळा करणारा चूक सावरत बसत नाही, वस्तू फेकून देतो. ‘पण आशय कुठाय?’ म्हणाल, तर कला कलेसाठी की जीवनासाठी, हे जुनं दळण पुन्हा सुरू होईल. त्यात एक अख्खी पिढी दमली. शीर कुणी पाहिली नाही.

उरले गांधी. यांचे गांधी कुठले, कोण जाणे! बोअर युद्धात जखमी सैनिकांना वाहून नेणारे, १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करणारे गांधी यांच्या पुस्तकातून गळले असावेत. दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात त्यांनी चपला शिवल्या आणि एक जोड जनरल स्मट्सला, म्हणजे ज्याच्या सरकारनं त्यांना आत टाकलं त्यालाच, भेट दिला. हा स्मट्स जुना बोअर सेनानी. त्याच्या बाजूचे कित्येक लढवय्ये इंग्रजांच्या कैदेत सेंट हेलेना, सिलोन आणि आपल्या अहमदनगरपर्यंत पांगले होते. बोअर कैदी लाकूड नि हाडं कोरून पेट्या, पाइप करत बसायचे. १९३९ साली स्मट्सनं चपला परत पाठवल्या, तेव्हा बापूंचं बिऱ्हाड इथंच, सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात होतं. कैद्यानं शिवलेला जोड जेलरच्या मालकानं पायात घालून झिजवला होता. तोही चाळाच का? आणि बापूकुटीच्या भिंतीवर मातीतून ताडाची झाडं नि चरखा उठवणाऱ्या मीराबेन ब्रिटिश ॲडमिरलची लेक. त्यांनाही दाराबाहेर उभं करणार?

मग मंडन काय? थोडकंच. ज्याला दिवसा तोफ डागायला लावली, त्याला रात्री द्राक्षाचं पान आठवलं. एवढी साक्ष मला पुरे. सेवाग्राम आणि पुलगावचं दारूगोळा भांडार पोटात घेऊन बसलेल्या जिल्ह्यानं ती मांडायची नाही, तर कुणी?

प्रदर्शन होईल, न होईल. त्या फुलदाणीत सध्या प्लॅस्टिकचे गुलाब आहेत. सद्गृहस्थांनी त्यावर हरकत घेतली असती, तर टाळ्या मीही वाजवल्या असत्या.